आधी अर्थिंग, मग गाडी

मागच्या अंकात माझ्या टियागो ईव्हीचा, म्हणजे विजेवरच्या गाडीचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेते. बहुतेकांनी ‘कोणती घेऊ?’ असंच विचारलंय. त्याचं उत्तर शोरूममधली मुलं माझ्यापेक्षा जास्त उत्साहानं देतील. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवून निवृत्त झालेली बाई. ही गाडी रात्री कुठल्या सॉकेटला लागणार, हा प्रश्न मला आधी पडतो. या पत्रांतही सगळं शेवटी तिथंच येऊन थांबतंय.

मॅडम, विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, पार्किंग स्वतःचं आहे. शाळा मिरजेत, जाऊन-येऊन वीस किलोमीटर. चार्जिंग पॉइंटचं नाव काढलं की सोसायटीचे चेअरमन म्हणतात, आग लागेल, लिफ्ट बंद पडेल. शिवाय लाइट बिल दुप्पट होतं असं ऐकलं. काय करू? – एक शिक्षिका, सांगली

चेअरमनसाहेबांची भीती निम्मी खरी आहे. लिफ्ट कॉमन मीटरवर चालते, तुमची गाडी तुमच्या मीटरवर चालेल. दोघींचा संबंध नाही. आगीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. गाडीसोबत येणारा चार्जर ३.३ किलोवॉटचा असतो, म्हणजे साधारण १४ अँपिअर. तुमचा गिझरही जवळपास तेवढाच करंट ओढतो, पण पंधरा मिनिटं. गाडी तोच करंट सलग सहा-आठ तास ओढते. सॉकेटचा स्क्रू अर्धा फेरा जरी सैल असला, तरी गिझरला ते चालून जातं. गाडीला लावलं की पहाटेपर्यंत प्लगची पिन काळी पडलेली दिसते.

तेव्हा तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन ओढा. ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा २० अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा) आणि आयएसआय मार्कचं १६ अँपिअरचं सॉकेट. वायर पाइपातून न्या, जमिनीलगत नको. वायरमन म्हणेल, ‘बाई, अडीचची वायर पुष्कळ होते.’ अंतर कमी असेल तर होतेही. पण तुमचा मीटर आणि पार्किंग यांच्यामध्ये अख्खी बिल्डिंग असेल, तर चारचीच घाला. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात लावू द्यायचा नाही, पाहुण्यालाही नाही.

पैसे देण्याआधी वायरमनला मल्टीमीटर काढायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास दिसलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. आपल्याकडच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये अर्थिंगचा खड्डा असतो, पण त्याच्याकडे बिल्डर गेल्यापासून कुणी बघितलेलं नसतं. आपली काळी माती पावसाळ्यात ओली असते तोवर सगळं ठीक. एप्रिल-मेमध्ये ती भेगाळली की अर्थिंग ढिलं पडतं, चार्जरवर लाल दिवा लागतो आणि लोक कंपनीच्या नावानं बोटं मोडतात. खरं तर त्या वेळी चार्जर आपलं कामच करत असतो: अर्थ मिळाला नाही तर त्यानं गाडीत वीज सोडायची नाही. उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची सोय ठेवा.

बिलावरचा ‘मंजूर भार’ बघा. एक-दोन किलोवॉट असेल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करावा लागेल. घरच्या मीटरवरून स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळी जोडणी लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सध्याच्या जोडणीवरून चार्जिंगला मुभा आहे. त्याची प्रिंट सोसायटीच्या मीटिंगला घेऊन जा, पण सोबत आरसीसीबी आणि वायरचं कोटेशनही न्या. चेअरमनला कायद्यापेक्षा कोटेशन लवकर पटतं.

आता बिल. महिन्याला ५०० किलोमीटर धरा. छोटी गाडी युनिटला आठ किलोमीटर देते, चार्जिंगमध्ये थोडी गळती होते, म्हणजे साधारण ७०-७५ युनिट. आपल्याकडे टप्पे आहेत: १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा. शंभरी ओलांडली की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो असा पुष्कळांचा समज आहे. वरच्या युनिटांनाच लागतो. सगळं मिळून युनिटला १२ रुपये धरले तरी महिन्याचे ९०० रुपये होतात. तेवढ्याच अंतराला पेट्रोलची गाडी लिटरला सोळानं चालवलीत तर तीस-एकतीस लिटर लागतं. पुढचा गुणाकार तुम्ही शिक्षिका आहात, करालच.

तुम्हाला रोज चार्ज करायची गरजही नाही. २४ किलोवॉट-अवरच्या, म्हणजे २४ युनिटच्या बॅटरीत शाळेचा आठवडा आरामात निघतो. तुमच्याकडे नवा टीओडी (वेळेनुसार दर लावणारा) मीटर बसला असेल, तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळच्या विजेला सवलत आहे. रविवारी जेवण करून गाडी लावा, संध्याकाळी काढा.

ताई, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. पंपाची जोडणी साडेसात एचपीच्या आतली, बिल माफ आहे. त्याच्यावरच गाडी चार्ज केली तर फुकटात काम होईल का? घर मळ्यातच आहे. – एक बागायतदार

दादा, नाही. शेतीपंपाची वीज पंपासाठी मंजूर आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. साडेसात एचपीपर्यंतची मोफत वीज सांभाळून ठेवण्याजोगी गोष्ट आहे, गाडीपायी तिला नख लावू नका.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी मळ्यातली लाइन बघा. थ्री फेज असते तेव्हा मोटर चालू असते आणि व्होल्टेज झोपलेलं असतं. सिंगल फेजवर असताना डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) एक फेज घ्यायची आणि न्यूट्रलच्या जागी जमिनीत सळई ठोकून दिवे पेटवायचे, हा उद्योग मी डोळ्यांनी पाहिलाय. बल्ब लागतो, चार्जर लागत नाही. आणि एखाद्यानं डोकं चालवून तो लावलाच, तर ओल्या वाफ्यात त्या सळईजवळ उभा राहणारा माणूस जाईल. हे तुमच्या गड्यांनाही सांगा.

घराला घरगुती मीटर आहे ना? मग छपरावर सोलर घ्या. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. आपल्याकडच्या उन्हात ३ किलोवॉटच्या पॅनेलवर दिवसाला १२ युनिटच्या आसपास वीज तयार होते, पावसाळा सोडून. नेट मीटरिंगमध्ये दिवसा तयार झालेली वीज खात्यावर जमा होते, रात्री गाडी लावली तरी चालतं. एक मात्र लक्षात घ्या: लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ती व्यवस्था मुद्दाम केलेली असते. घरच्या इन्व्हर्टरवर गाडी लावायचा विचारही नको, तो पंखे-दिव्यांसाठी आहे.

साताऱ्यात राहतो. चार माणसं घेऊन कासला किंवा मेढ्यावरून महाबळेश्वरला छोटी गाडी जाईल का? घाटात बॅटरी संपते म्हणतात. आणि पुण्याला? – सदाशिव पेठ, सातारा

घाटाचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रात बसतो, म्हणून तो मला आवडतो. गाडी आणि चार माणसं मिळून दीड टन धरा. साताऱ्याहून महाबळेश्वर साडेसहाशे मीटरच्या आसपास वर आहे. एवढं वजन एवढं वर उचलायला लागणारी ऊर्जा काढली तर अडीच ते पावणेतीन युनिट येते, मोटरची गळती धरून तीन. म्हणजे घाट तुमच्याकडून सपाटीवरचे वीस-पंचवीस किलोमीटर जास्तीचे वसूल करतो. २४ ची बॅटरी असेल तर आठवा हिस्सा. केळघर घाटाच्या वळणांवर बॅटरीचा आकडा भराभर उतरताना बघून पोटात गोळा येतो हे खरं, पण आकडा तसाच उतरत राहत नाही. यवतेश्वरवरून कासला तर चढ याहून कमी आहे.

उतरताना यातली बरीच ऊर्जा परत मिळते. टियागोत रीजनचे, म्हणजे उतारावर मोटरनं वीज परत बॅटरीत भरण्याचे, चार स्तर आहेत, शून्य ते तीन; घाटात तीनवर ठेवा, ब्रेकला पाय क्वचित लागेल. फक्त एक गोष्ट शोरूममध्ये सांगत नाहीत: महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर लावून गाडी १०० टक्के भरली, तर सकाळी उतरताना परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. रीजन काम करत नाही आणि सगळा घाट ब्रेकवर उतरावा लागतो. वर ९० ला थांबा. खाली मेढ्यात आकडा वाढलेला दिसेल, मुलांना दाखवा.

हॉटेलच्या सॉकेटचं अर्थिंग मात्र तिथं जाऊन कळून उपयोग नाही. महाबळेश्वरच्या पावसात आणि धुक्यात बोर्डाची जी दशा होते ती तुम्हाला माहीत आहे. बुकिंग करताना ‘चार्जिंग आहे का’ असं विचारू नका, सगळेच ‘आहे’ म्हणतात. ‘गेल्या आठवड्यात कुणाची गाडी चार्ज झाली का’ असं विचारा.

पुणे एकशेदहा किलोमीटर. २४ ची बॅटरी भरून निघालात तर एका दमात पोचता. परतीचं मात्र पुण्यातच भरून निघा, कारण येताना खंबाटकीचा चढ लागतो. ताशी ११० नं पळवलीत तर माझे सगळे आकडे खोटे पडतील; हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० वर चालवा, ट्रकवाले ओव्हरटेक करतील, करू द्या. वाटेत डीसी (जलद) चार्जर आहेत, तिथं टियागो १० वरून ८० टक्क्यांवर यायला तासाभराच्या आत-बाहेर लागतं. एमजी कॉमेटला डीसी चार्जिंग नाही. ती गावातली गाडी आहे आणि गावात फार चांगली आहे. तिच्यातून पुण्याला जायचं असेल तर एसटी बरी.

आम्ही गावभागात, कृष्णेजवळ राहतो. २०१९ ला घरात पाणी होतं. अशा ठिकाणी इलेक्ट्रिक गाडी म्हणजे वेडेपणा नाही का? – सांगलीवाले आजोबा

आजोबा, पेट्रोलची गाडी तरी पुरातून कुठं वाचली होती? बॅटरीला आयपी ६७ रेटिंग असतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. रस्त्यावरच्या डबक्याला ते पुरतं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं आणि दिवसेंदिवस हललं नाही, त्याच्यापुढे हे रेटिंग काहीच नाही.

म्हणून गावभागात नियम वेगळे. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्याच दिवशी भरून घ्यायची, कारण पाणी डीपीपर्यंत यायच्या आधीच महावितरण लाइट बंद करतं आणि मग भरलेलीच गाडी उपयोगाची. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. चाळिशीची वाट न बघता गाडी विश्रामबागेत नातेवाइकांच्या दारात नेऊन लावा. चार्जिंगचं सॉकेट २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवा, आणि त्याचा एमसीबी वरच्या मजल्यावर. वाकून बटण बंद करायला कुणी पाण्यात उतरू नये.

गाडी बुडालीच, तर सुरू करून बघायची नाही, चार्जर लावायचा नाही, दोरीनं ओढायची नाही. चाकं फिरली की मोटर फिरते. फ्लॅटबेडवर (सपाट ट्रकवर) उचलूनच न्या. विम्यात बॅटरीला पाण्याच्या नुकसानाचं संरक्षण आहे का, हे आजच लेखी विचारून ठेवा.

सेकंडहँड टियागो ईव्ही मिळतेय, तीन वर्षांची. बॅटरी कशी तपासू? मुलगा पुण्यात, गाडी महिना महिना उभी राहील. – विटा

सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा रिपोर्ट मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर उठून या. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे. दुसऱ्या मालकाला ती किती लागू होते, तेही लेखी घ्या. मग शंभर टक्के भरून चाळीस-पन्नास किलोमीटर स्वतः चालवून बघा, किती टक्के उतरले ते कुठल्याही कागदापेक्षा खरं सांगतं. ही एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आहे. तिला पूर्ण भरल्याचा फारसा त्रास होत नाही, उलट मधूनमधून १०० पर्यंत नेली नाही तर आकडा चुकायला लागतो.

महिना महिना उभी राहिली तर मोठी बॅटरी ठणठणीत राहते आणि बोनेटखालची १२ व्होल्टची लहान बॅटरी मरते. मग गाडीचं दार उघडायची मारामार. शेजाऱ्याला किल्ली देऊन आठवड्याला एक चक्कर मारायला सांगा.

हिरव्या नंबरप्लेटला काय काय सवलती? – फलटण

हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं, खासगी गाडीला. जीएसटी ५ टक्के. परवडणाऱ्या गाड्यांना राज्यात मोटार वाहन करही माफ आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणातली टोलमाफी अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीसाठी आहे. त्या यादीत आपल्या आनेवाडी-तासवडे टोलनाक्यांचं नाव नाही, फास्टॅग भरून ठेवा. कर्जाच्या व्याजावरची कलम ८०ईईबीची आयकर सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. काही एजंट ती अजून सांगतात. ऐकून घ्या, आणि तेवढे पैसे गाडीच्या किमतीतून कमी करा म्हणा.