सायकली घेऊन पाच जण परत येताना: पहाटेचं विमान बदला

पाच मित्र, शेवटची राईड संध्याकाळी संपणार, लगेच दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान. तिघांची तिकिटं एका कंपनीची, दोघांची दुसऱ्या. शिवाय एकाला तिथेच ई-बाईक विकत घेऊन घरी आणायची आहे. हे सगळं जमेल का, असं तुम्ही विचारलंय. विमान बदला, ई-बाईकचा नाद सोडा, बाकीचं जमेल.

ई-बाईकचं आधी उरकतो. प्रवाशाला १०० वॉट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी विनापरवानगी नेता येते, १०० ते १६० मधली विमान कंपनीच्या मंजुरीने, आणि त्यापुढची प्रवासी विमानात नाहीच. ई-बाईकची बॅटरी साधारण ३०० ते ७०० वॉट-तासांची असते. काउंटरवर कितीही गोड बोला, उपयोग शून्य. पॉवर बँक आणि दिव्यांच्या सुट्या बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेतच ठेवा, सायकलच्या खोक्यात नको. टायरमध्ये हवा भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या उरल्या असतील तर तिथल्याच एखाद्या सायकलवाल्याला देऊन टाका. त्यांच्यासाठी कंपनीची मंजुरी मागत बसणं म्हणजे नसता सव्यापसव्य.

आता मुख्य मुद्दा. राईड आणि विमान यांच्यामध्ये एक मोकळा दिवस हवा. विमान बदलता येत नसेल तर राईड एक दिवस आधी संपवा. तुमच्यातल्या कुणाला तरी शेवटचा घाट करायचाच असेल, तो कुरकुरेल, कुरकुरू द्या. दमलेल्या माणसाला एक सायकल नीट बांधायला तासभर सहज लागतो, आणि पेडलचा १५ चा पाना अख्ख्या ग्रुपमध्ये एकच असतो. त्यात खोकी मिळवायची असतात. नव्या सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतात ती दुकानदार बहुधा मोडीतच काढतात, मागितली तर देतात. पण एकाच दुकानात एकदम पाच मिळतील या भरवशावर राहू नका. तीन-चार दिवस आधी दोन-तीन दुकानांना फोन करून बाजूला ठेवायला सांगा. जिथून निघालात तिथेच परत येणार असाल तर प्रश्नच नाही, येतानाची खोकी पहिल्या मुक्कामाच्या हॉटेलात ठेवता येतात का विचारा. पाच खोकी आणि पाच माणसं साध्या टॅक्सीत मावत नाहीत, तेव्हा मोठी व्हॅन आदल्या दिवशीच ठरवा.

बांधताना घाई होते ती पेडलपाशी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आणि थकलेल्या हाताने ते उलट्या बाजूला आवळले जातात. पाना पेडलच्या आसावर सरळ वर उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. डावं असो की उजवं, दोन्ही तसेच सुटतात. मागचा डिरेल्यर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) तो जिथे अडकवलेला असतो त्या हँगरवरून सोडवून, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा, कारण खोकं आडवं पडलं की पहिला मार तिथेच बसतो. डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये प्लास्टिकची चकती किंवा जाड पुठ्ठा सरकवा. नाहीतर वाटेत लिव्हर दाबला जातो, पॅड एकमेकांना चिकटतात आणि घरी गेल्यावर डिस्क आत जात नाही. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या टोकांमध्येही काहीतरी आडवं बसवा, ती खोकं फोडून बाहेर येतात.

टायरमधली हवा पूर्ण काढायची गरज नाही. सामानाचा कप्पाही दाबयुक्त असतो, आणि बाहेरचा दाब पार शून्य झाला तरी फरक एका बारपेक्षा जास्त पडत नाही. रोड टायरला त्याचं काही वाटत नाही. तरी काही कंपन्या हवा काढायला सांगतात, म्हणून थोडी कमी करा, पण रिमला आधार राहील इतकी ठेवा. टायरला चिकटलेला चिखल मात्र घासून काढा. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियासारखे देश मातीबद्दल फार कडक आहेत.

सायकल नेणार हे कंपनीला आधी कळवून नोंदवून घ्या. छोट्या विमानांत मोजक्याच सायकली मावतात आणि पाच एकदम आल्या की एखादी मागे राहू शकते. खोक्याचं वजन करून ठेवा. बऱ्याच ठिकाणी मर्यादा २३ किलोची असते, आणि ३२ च्या वरचा एकच डाग सहसा घेतच नाहीत. रिकामी जागा दिसली म्हणून चौघांचे तंबू एकाच्या खोक्यात कोंबायचा मोह होतो, तो आवरा.

दोन कंपन्यांची तिकिटं असली तर बिघडत नाही. फक्त कनेक्शन वेगवेगळ्या तिकिटांवर असेल तर मध्ये सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागू शकतं, आणि सायकल मोठ्या सामानाच्या वेगळ्या दारातून बाहेर येते. तिथे दोन तास कमीच. आपापलं खोकं आपापल्या नावावर चेक-इन करा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे सामानाची भरपाई प्रवासीमागे मोजतात. २८ डिसेंबर २०२४ पासून ती जास्तीत जास्त १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. एकाच्याच नावावर पाच सायकली टाकल्या तर भांडताना पंचाईत होईल. महागडी सायकल त्या रकमेत बसत नाही, तिचा वेगळा विमा असलेला बरा.

पैशांचा हिशेब विमानतळावर काढू नका, आदल्या रात्री मिटवा. सगळेच एकमेकांना थोडे कंटाळलेले असतात आणि व्हॅनच्या भाड्यावरून उगाच शब्दाला शब्द वाढतो.

उतरल्यावर खोकं कस्टमच्या बाहेर नेण्याआधी चारी बाजूंनी बघा. फाटलेलं दिसलं तर तिथेच उघडून फोटो काढा आणि काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा फॉर्म भरून प्रत घ्या. मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते, उशिरा मिळाल्याची २१ दिवसांत. एखाद्याची सायकल आलीच नाही तर त्याच्यासोबत एकाने थांबावं. बाकीच्यांनी ताटकळत राहून काही होत नाही, त्यांनी सरळ घरी जावं.