मानेआबात आधी बसावे

चि. … हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे लांबलचक पत्र पोहोचले. ‘झाडू हाती घेतला की कुणीतरी बाई येते, हसत हसत तो काढून घेते आणि चटईकडे बोट दाखवते, नाताळाचे सगळे दिवस मी नुसती बसून काढले,’ हे तुझे वाक्य वाचून मी आधी मनापासून हसलो आणि नंतर दिवसभर अस्वस्थ राहिलो. कारण 1997 च्या नाताळात, तू स्वयंसेविका म्हणून गेलीस त्याच किरिबाती देशातल्या तारावा बेटावर, माझ्याही हातातली वस्तू अशीच हसत हसत काढून घ्यायला एक जण आले होते आणि मी ती सोडली नव्हती. ती वस्तू म्हणजे पत्र्याची पन्हळ. तिची हकीकत पुढे सांगतो. आधी तुझ्या तक्रारीचे बघू.

तू लिहितेस की 23 डिसेंबरला रिकामे डबे आणि बाटल्या गोळा करण्याचा कार्यक्रम ठेवलास, घरोघरी जाऊन सांगितलेस आणि प्रत्यक्षात चार मुले आली. लोकांना सणापुढे गावाचे काही सुचत नाही, असा निष्कर्षही तू काढून मोकळी झालीस. मुली, 23 डिसेंबरला तुला चार मुले मिळाली हेच नवल आहे. आपल्याकडे गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणातल्या वाडीत कुणी परगावची मुलगी डबे गोळा करायला बोलावू लागली असती, तर तिला चहा पाजून घरी पाठवले असते. शिवाय डबे परत करण्याचे शिक्षण त्या लोकांना तू देण्याची गरज नाही. ‘काओकी मांगे’ म्हणजे ‘कचरा परत कर’ ही योजना तिथे 2004 च्या कायद्याच्या आधाराने उभी राहिली. डबा परत केला की पैसे हाती पडतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तुझ्या मदतीला आलेल्या त्या चार मुलांनी डबे नेमके कुठे नेले, हे तू विचारलेस का?

आणि ज्याला तू ‘सणाची तयारी’ म्हणून एका वाक्यात उरकलेस, ते काय होते? खड्ड्यांतून बाबाई, म्हणजे तिथला अळूच्या जातीचा कंद, उपटून आणणे, डुक्कर भाजणे, नीरफणस सोलणे, पहाटे आणि तिन्हीसांजेला माडावर चढून गाणी म्हणत नीरा काढणे, ती आटवून काकवीसारखी ‘कामाइमाइ’ करणे, केवड्याच्या पातींच्या चटया अंथरणे, शेकडो माणसांची पंगत सांभाळणे आणि रात्र रात्र गाण्यानाचाची तालीम करणे, हे सारे बिनपगारी, हजेरीपत्रकावाचून, ठरल्या वेळी पार पडते. स्वयंसेवेचा याहून मोठा नमुना तुला कुठल्या प्रशिक्षण वर्गात दाखवला होता, ते मला कळव. तुझ्या कार्यक्रमाला फलक होता आणि त्यांच्या कामाला नव्हता, एवढाच काय तो फरक.

म्हणून माझे सांगणे एकच आहे आणि ते मी या पत्रात तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: आधी बस.

हे मी लाक्षणिक अर्थाने म्हणत नाही. चटईवर, मांडी घालून, पाय कुणाकडे न रोखता, बस. मानेआबाचे, म्हणजे गावाच्या सभामंडपाचे, छप्पर पाहिलेस ना, कडेला इतके खाली उतरलेले की आत शिरताना प्रत्येकाला वाकावेच लागते? जुन्या गावांतल्या मानेआबात प्रत्येक कुळाची बसण्याची जागा पिढ्यान्पिढ्या ठरलेली असते. तिला ‘बोटी’ म्हणतात. ज्याला बोटी आहे तो गावाचा. आमच्याकडे ग्रामदेवतेच्या देवळात कोणता मानकरी कोणत्या खांबापाशी बसणार आणि पालखीला आधी खांदा कुणाचा, हे ठरलेले असते. त्यामुळे मला तरी हे पहिल्याच दिवशी उमगायला हवे होते. उमगले नाही. दक्षिण तारावातल्या गर्दीच्या वस्त्यांत आणि चर्चच्या मानेआबांत जुन्या बोटींचा हिशेब तसाच्या तसा उरलेला नाही, हे मान्य. पण माणसाला आधी जागा आणि मग काम, हा क्रम उरला आहे. तू तो उलटा लावू पाहतेस. त्या बाईने तुझ्या हातातला झाडू काढून घेऊन चटई दाखवली, तेव्हा ती तुला जागा देत होती. आणि तू पत्रात तिची तक्रार करतेस!

आता पन्हळीची हकीकत. मी तिथल्या एका शाळेत गणित शिकवायला स्वयंसेवक म्हणून गेलो होतो, वय पंचेचाळीस, म्हणजे तुझ्यासारखी वयाची सबबही मला नव्हती. त्या वर्षी एल निनोमुळे तारावात पाऊस धो धो कोसळत होता आणि शाळेच्या पत्र्यावरून ते सोन्यासारखे पाणी वाळूत जात होते. त्या बेटाचे पाणी म्हणजे काय, तर प्रवाळाच्या पोटात, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा पातळ थर. बाबाईचे खड्डे त्या थरापर्यंतच खणलेले असतात. नळाला ठरावीक वेळी येणारे पाणीही बोनरिकीच्या बाजूच्या त्याच थरातून उपसलेले. पावसाने ओढ दिली की थर आक्रसतो आणि विहिरी मचूळ होतात. कोकणातल्या माणसाला छपराचे पाणी वाया जाताना बघवत नाही. मी टाकी मिळवली, पत्रा मिळवला आणि 24 डिसेंबरला, आज शाळा रिकामी आहे या हुशारीने, दोन मोठ्या विद्यार्थ्यांना नाचाच्या तालमीतून उठवून पन्हळ ठोकायला घेतले.

दुपारी गावातले एक उनिमाने, म्हणजे मानेआबात ज्यांचा शब्द चालतो अशा ज्येष्ठांपैकी एक, आले. बराच वेळ शिडीखाली उभे राहिले. मग त्यांनी पन्हळीचे दुसरे टोक हातात धरले, हसले आणि मानेआबाच्या दिशेने मान हलवली. मी त्यांना खुणेने सांगितले की एवढे पुरे करून येतो. त्यांनी टोक सोडले. थोड्या वेळाने एका लहान मुलीच्या हाती माझ्यासाठी सोललेला नारळ आला. दोन्ही विद्यार्थी मात्र परत तालमीला गेले होते. मी उरलेली पन्हळ विजेरीच्या उजेडात एकट्याने ठोकली आणि पलीकडून येणारे गाणे ऐकत, आपण किती कर्तव्यदक्ष आहोत या समाधानात झोपलो.

दुसऱ्या दिवशी मानेआबात गेलो, तर पाहुण्यांच्या रांगेत एक चटई रिकामी होती आणि तिच्यापुढे झाकलेले ताट. कालचे. माझे. बोताकीत, म्हणजे त्यांच्या जेवणावळीत, पाहुण्याने आधी वाढून घ्यायचे, दोन शब्द बोलायचे आणि एखादे गाणे म्हणायचे असते. आदल्या रात्री तो क्रम माझ्या नावाशी येऊन अडला होता. कुणी मला एका शब्दाने बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते. वर मी काय करावे? मी आधी वाढून घ्यायला नकार दिला आणि मुलांना आधी जेवू द्या म्हणून आग्रह धरला. तूही हेच केलेस असे लिहितेस, आणि थोडे अभिमानाने लिहितेस. अगं, ती मुले रोज जेवतात. त्या घरांनी दोन दिवस राबून तुझ्यासमोर जे मांडले, त्याला तू सर्वांदेखत बाजूला सारलेस. समतेचा धडा द्यायला तुला अख्खे वर्ष पडले होते.

इथे मला एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे, आणि तुला ती आत्मसमर्थनाची वाटली तरी चालेल: पाण्याबद्दल माझे चुकले नव्हते. 1998 उलटताना ला निनाचे दिवस आले, पाऊस गेला, आणि पुढचे वर्ष बेटाला दुष्काळात काढावे लागले. शाळेची टाकी त्या काळात कामाला आली. एक टाकी काय पुरणार, असे माझे सहकारी म्हणत. पुरली नाही, पण होती. मी बरोबर होतो. फक्त ती टाकी गावाची नव्हती, माझी होती. पन्हळीचा एक आकडा वाऱ्याने सुटला तो तीन महिने तसाच लोंबत होता, कारण ‘सरांची पन्हळ’ सरच बसवणार, हे सर्वांनी गृहीत धरले होते.

दुसऱ्या नाताळाला मी बसलो. तीन रात्री बसलो; गुडघे इतके धरले की चौथ्या दिवशी वर्गात खुर्ची मागावी लागली. त्या तीन रात्रींत मी काय पाहिले ते सांगायला हे पत्र पुरणार नाही. नाचणाऱ्या मुलीचे ताठ पसरलेले हात आणि झटक्यात वळणारी मान, त्यांच्या निशाणावरच्या फ्रिगेट पक्ष्यासारखी. चेहऱ्यावर हसू नाही. आणि नाच ऐन भरात असताना एक आजीबाई उठून, वाकून, लोकांच्या मधून जात तिच्या मानेवर आणि खांद्यांवर टाल्कम पावडर शिंपडून येते. पावडर घामावर चिकटते, मुलगी पापणी हलवत नाही. एकेकाळी प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी ज्या नाचाला नाक मुरडले, तो आज चर्चच्याच मानेआबात नाताळाची रात्र जागवतो. कोण कुणाला बदलतो हा हिशेब तिथे फार सावकाश लागतो. मला गाणे म्हणायला सांगितले तेव्हा मी गणपतीची आरती म्हटली, टाळ्यांच्या ठेक्यासकट. मानेआबाने तो ठेका दुसऱ्या कडव्याला उचलला. जानेवारीत, मी काही न सुचवता, त्याच उनिमानेंनी बैठकीत चर्चच्या पत्र्याला पन्हळ लावण्याचा विषय काढला. त्यावर दोन संध्याकाळी संथपणे, कुणाचाही आवाज न चढता चर्चा झाली (माझा जीव जायची वेळ आली होती) आणि तिसऱ्या दिवशी अकरा माणसे शिड्या घेऊन हजर झाली. माझ्याकडे काम आले ते आकडे मोजून देण्याचे. मी ते बसून केले.

म्हणून पुन्हा सांगतो, आधी बस. पुढच्या वर्षीही बस. तुझी मुदत दोन वर्षांची आहे म्हणून घाई करावी लागते, असे तू लिहिले आहेस. ते मला पटत नाही. दोन वर्षांत दोन नाताळ येतात आणि त्यातला एक मी वाया घालवला, त्याचे दुःख मला अजून आहे. तुझा पहिला अर्धा तरी सत्कारणी लागला, कारण बायकांनी तुला जबरदस्तीने बसवले.

बाहेरच्या बेटावर एखाद्या कुटुंबाबरोबर जाण्याची तुझी इच्छा चांगली आहे. तारावातले चाकरमानी नाताळाला आपापल्या बेटावर जातात, जसे मुंबईचे गणपतीला गावी. पण बोट बघून जा. 2018 च्या जानेवारीत नोनोउतीहून तारावाला निघालेली बुतिराओई ही बोट बुडाली आणि केवळ सात माणसे वाचली. याबाबतीत लाजेखातर बसू नकोस. बोट धड दिसली नाही तर स्पष्ट नाही म्हण.

राहिला तुझ्या सायकलीचा प्रश्न. शेजारणीने ‘बुबुती’ म्हणून, म्हणजे तिथल्या मागून घेण्याच्या चालीने, सायकल मागितली, नाही म्हणता येत नाही असे कळल्यामुळे तू ती दिलीस आणि आता रोज तिला तुझ्या सायकलीवरून जाताना पाहून तुझा जळफळाट होतो. मी तिथे असताना याच चालीवर शिक्षकांच्या खोलीत एक व्याख्यान दिले होते, बचतीचे महत्त्व वगैरे. आठवले की अजून कान तापतात. सायकल परत मागू नकोस. पण ती चाल दोन्ही बाजूंनी चालते हे तुला कुणी सांगितलेले दिसत नाही. उद्या संध्याकाळी तिच्या घरी जा, बस, नीरा दिली तर पी, आणि तुला जी वस्तू खरोखर हवी आहे ती तिच्याकडे माग. चटई माग, केवड्याची, तिने स्वतः विणलेली. मग काय झाले ते मला कळव.

तुझा,
काका