धबधबा ‘देखावा’ करतो का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेची सहल गोकाकच्या धबधब्याला जाऊन आली आणि मुलांना तिच्यावर निबंध लिहायला सांगितला. एका मुलीने लिहिलं, ‘धबधब्याचा देखावा पाहून माझे भान हरपले.’ वह्या तपासणाऱ्या सरांनी ‘देखावा’ खोडून वर लाल शाईने ‘दृश्य’ लिहिलं. त्यांचं म्हणणं, देखावा म्हणजे ढोंग. धबधबा कसला ढोंग करतोय? बाई विचारतात, चुकलं कोण?

मुलगी नाही चुकली. सरांच्या मनात बहुधा हिंदीतला ‘दिखावा’ आहे. तो ‘दाखवणे’ या अर्थाच्या ‘दिखाना’शी बांधलेला, त्यामुळे त्यात मिरवणं आलंच. आपला देखावा ‘देखणे’पासून निघाला. हे क्रियापद आता बोलण्यातून जवळजवळ गेलं, पाहणे आणि बघणे यांनी त्याची जागा घेतली. पण त्याचं गोत शाबूत आहे: देखणा, देखरेख, डोळ्यांदेखत, ‘देखल्या देवा दंडवत’. ओल-ओलावा, दूर-दुरावा, मेळ-मेळावा यांच्याच पंगतीतला हा देखावा. नजरेपुढे जे उभं राहतं ते.

आता ते आपोआप उभं राहिलं की कुणी उभं केलं, हे तो शब्द सांगत नाही. गणपतीत बेळगावात रात्री पोराबाळांना घेऊन लोक ‘देखावे बघायला’ बाहेर पडतात, तेव्हा मंडळाने ढोंग केलंय असं कुणाच्या मनातही येत नाही. आणि चित्रकलेच्या तासाला ‘देखावा काढा’ म्हटलं की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि चारच्या आकड्यासारखे पक्षी! त्या सरांनीही लहानपणी तो काढला असणार.

ढोंगाचा अर्थ मराठीतही आहे, नाही असं नाही. पण तो येतो शेजारच्या शब्दातून. देखावा ‘केला’, देखावा ‘नुसता’, प्रेमाचा देखावा, इथे करणारा माणूस आहे. देखावा पाहिला, देखावा दिसला, इथे फक्त बघणारा आहे. मुलीच्या वाक्यात ‘पाहून’ आहे. संपला प्रश्न.

बाईंच्या वर्गात कन्नड येणारी मुलं असतीलच. त्यांना हा फरक चटकन कळेल, कारण कन्नडने दोन कामांना दोन शब्द ठेवलेत. ‘नोडु’ म्हणजे बघणे, त्यावरून ‘नोट’ म्हणजे दृष्टी, दृश्य. ‘तोरु’ म्हणजे दाखवणे, त्यावरून ‘तोरिके’, म्हणजे वरवरचं, दाखवण्यापुरतं. मराठी देखावा ही दोन्ही ओझी एकट्याने वाहतो. (नोट म्हटल्यावर मराठी पोरं खिसा चाचपतात, तो भाग वेगळा.)

‘दृश्य’ चुकीचं आहे का? मुळीच नाही, पण ते संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं आणि थोडं थंड आहे. अपघाताचंही दृश्य असतं, नाटकाचंही. ‘नजारा’ अरबी ‘नजर’च्या घरातला, फारसीच्या वाटेने आला, त्यात जरा थाट आहे. ‘नजराणा’ मात्र त्याच घरातला वाटला तरी नाही. तो नजर या अर्थाच्या शब्दाचा नव्हे, नवस किंवा भेट या अर्थाच्या दुसऱ्याच अरबी शब्दाचा वंशज. मराठी उच्चारात दोन्ही घरांची दारं सारखीच दिसतात.

लाल शाई वापरायचीच असेल तर ती ‘विहंगम दृश्य’वर वापरा. विहंगम म्हणजे पक्षी. येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभं राहून खाली पसरलेली भाताची शेतं आणि लांबवर बेळगाव शहर बघता, ते विहंगम दृश्य. गोकाकला घटप्रभा नदी सुमारे 52 मीटर खाली कोसळते. पायथ्याशी मान वर करून ती बघताना विहंगम म्हणणं म्हणजे पक्ष्याला जमिनीवर बसवणं. सहलीच्या निबंधात हल्ली जे सुंदर ते विहंगम होऊन बसलंय.

तसंच ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’. पारणं उपास सोडताना करतात, तेव्हा आधी उपास हवा. उन्हाळ्यात गोकाकला गेलात, नुसता कातळ आणि पाण्याची बारीक धार बघून परतलात, आणि मग श्रावणात तांबडं पाणी आख्ख्या कड्यावरून कोसळताना बघितलंत, तर पारणं फिटलं म्हणा. बसमधून उतरल्या उतरल्या कसलं पारणं?

खरं तर आपल्या भागात बोलताना यातलं एकही नाम कुणी वापरत नाही. गोकाकच्या झुलत्या पुलावर गेलेली ती मुलगी मैत्रिणीला ‘काय देखावा आहे’ म्हणाली नसणार. ती म्हणाली असेल, ‘काय दिसायलंय बघ की गं!’ सगळा भाव ‘की गं’मध्ये. निबंधात मात्र तिला नाम हवं होतं, आणि तिने घरातलंच उचललं. बाई, त्या लाल शाईवर पांढरा खडू चालत नाही, पण वहीत पुन्हा ‘देखावा’ लिहून खाली सही करून द्या.