आयटीआय झालेल्या मुलाला गोव्यात सोलर किंवा कचरा व्यवस्थापनात काम कुठे मिळेल? जाहिराती तर दिसतच नाहीत

तुमचा भाऊ इलेक्ट्रिशियन आहे आणि डिचोलीत राहतो असं लिहिलंय, म्हणून त्याच्यापुरतंच सांगतो. मी फोंड्याच्या बाजूला सोलर बसवायचंच काम करतो. जाहिरात दिसत नाही कारण ती कोणी देतच नाही, माणूस लागला की आहे त्या पोरांनाच विचारतात, तुझ्या वाड्यावर कोण आहे का रे, आणि झाली भरती. ज्याची ओळख नाही त्याला कळतच नाही की जागा होती.

तर नोकरीच्या साइट बघत बसण्यापेक्षा पीएम सूर्यघर, म्हणजे घराच्या छपरावर सोलर बसवायची केंद्र सरकारची योजना, तिच्या पोर्टलवर जा. योजना २०२४ ची, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी, त्यामुळे कामं वाढलीत. तिथे नोंदणीकृत व्हेंडरांची, म्हणजे सोलर बसवून देणाऱ्यांची यादी असते, ती घरमालकांसाठी टाकलेली आहे पण भावाला तीच उपयोगाची. एकेकाला फोन करायचा, सर्टिफिकेट घेऊन सरळ जायचं. पावसात छपरावर कोण चढत नाही, म्हणून चवथ (गणेश चतुर्थी) झाली की लगेच विचारायला लागायचं.

आता शिकण्याचं. घरातलं वायरिंग येतं म्हणजे सोलर येतं असं नाही हं, मेन स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनलमधून डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) व्होल्टेज येतच राहतं, आणि लोड चालू असताना कनेक्टर ओढला तर आर्क, म्हणजे मोठी ठिणगी होते, हात भाजतो नाहीतर आग. शिवाय आपली नळ्यांची छपरं, त्यावर स्ट्रक्चर बसवताना नळे फुटले की पहिल्या पावसात घरमालकाचा फोन. किनाऱ्याकडे खाऱ्या वाऱ्याने साधे नटबोल्ट गंजतात. हे ज्याला कळतं तो फार दिवस हेल्पर राहत नाही. पगार सुरुवातीला बेताचाच, खोटं कशाला सांगू.

कचऱ्याचं म्हणाल तर साळगावच्या कचरा प्रकल्पात कचऱ्यापासून गॅस आणि गॅसपासून वीज होते, असल्या ठिकाणीही फिटर, इलेक्ट्रिशियन, पंपवाले लागतातच, पण बाहेरच्याला वाटतं तिथे फक्त कचरा वेचायचा. २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा तुमच्याच तालुक्यातले किती वेल्डर, इलेक्ट्रिशियन घरी बसले, त्यांना शून्यापासून शिकवायची गरजच नव्हती, थोडं डीसीचं काम आणि सेफ्टी शिकवली असती तरी पुरे होतं, पण सांगणार कोण? ग्रीन जॉब्सची, म्हणजे सोलर-कचरा असल्या पर्यावरणाच्या कामांची स्किल कौन्सिल २०१५ पासून आहे, माहिती बहुतेक इंग्रजीत. पंचायतीच्या बोर्डावर मराठी-कोंकणीत एक कागद लावायला काय जातं. मुलींना तर कोणी विचारतच नाही, साइट सर्व्हे आणि नेट मीटरची (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) कागदपत्रं हेही याच धंद्यातलं काम आहे.

सोलर बसवायचं शिकवणारा सूर्यमित्र नावाचा ६०० तासांचा सरकारी कोर्स आहे, आयटीआयवाल्यांसाठी चांगला. पुढची बॅच कधी ते डिचोलीच्या आयटीआयत विचारा. कोर्स फुकट आहे, कोण एजंट सीटचे पैसे मागायला लागला तर देऊ नका.