टिनाच्या छताखाली सिलिंगचा सांगाडा

प्रश्न : आमचे घर आर्वी तालुक्यातील एका खेड्यात आहे. लोखंडी पाइपांवर टिनपत्रे टाकलेली असल्याने उन्हाळ्यात दुपारी घरात बसवत नाही, म्हणून पीव्हीसीचे सिलिंग करायचे ठरवले आहे. सांगाडा पत्र्यालाच स्क्रू मारून टांगता येईल, असे मिस्त्री म्हणतात. ते योग्य होईल काय? पंखा कुठे टांगावा?

उत्तर : पत्र्याला सांगाडा मुळीच टांगू नये. पत्र्याला खालून भोके पाडली की पहिल्याच पावसात तेथून पाणी झिरपू लागते, आणि मे महिन्यातल्या वादळात पत्रा थरथरला की त्याला बांधलेल्या सिलिंगचे सांधेही उकलतात. सगळा भार पाइपांवर किंवा कैचीवरच (छत पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटीवरच) गेला पाहिजे. त्यासाठी जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) पट्टी पाइपाभोवती वळवून नट-बोल्टने आवळावी. वेल्डिंगने पट्टीवरचा जस्ताचा थर जळतो आणि तेथेच गंज धरतो.

पातळी काढण्यापूर्वी पंख्याचा हिशेब करावा. पंख्याची पाती जमिनीपासून किमान ८ फूट उंच आणि सिलिंगपासून किमान १ फूट खाली असावीत, म्हणजे सिलिंग ९ फुटांच्या वरच येते. पंख्याचा रॉड सिलिंगला भोक ठेवून थेट पाइपाला अडकवावा, कारण फिरत्या पंख्याचे हादरे हा सांगाडा सोसू शकत नाही. घर तेवढे उंच नसेल तर भिंतीवरचा पंखा लावावा.

पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा कराव्यात, त्यावर लाइनदोरीने रेघ मारावी आणि रेघेवर कडेचे चॅनेल (पत्र्याची वळवलेली लांब पट्टी) दर २ फुटांवर प्लग घालून बसवावे. मधले चॅनेल ४-४ फुटांवर टांगून त्यांच्याखाली आडवे सेक्शन (ज्यांवर सिलिंग बसते ते पत्र्याचे दांडे) दीड ते २ फुटांवर घ्यावेत, आणि पीव्हीसीच्या पट्ट्या सेक्शनला काटकोनात लावाव्यात. १० फुटी पट्टी ३० अंश तापमान वाढले की सुमारे ६ मिलिमीटर लांबते. म्हणून पट्टीच्या टोकाशी, भिंतीकडे, तेवढी फट सोडावीच. भिंतीला घट्ट भिडवलेले सिलिंग उन्हाळ्यात फुगून लोंबते, आणि दोष मात्र मालाला दिला जातो.

पत्रा आणि सिलिंग यांत किमान १ फूट पोकळी ठेवून समोरासमोरच्या भिंतींत वर झरोके ठेवावेत, नाहीतर कोंडलेली हवा तापून पीव्हीसी मऊ पडते. झरोक्यांना बारीक जाळी हवी, कारण उंदीर आणि वटवाघळे तेथूनच शिरतात.

प्रश्न : गडचिरोली भागात आमचे कवेलूचे घर आहे. सिलिंगसाठी लाकडी पट्ट्या चालतील काय?

उत्तर : वाळलेल्या सागाच्या, गाभ्याच्या लाकडाच्या असतील तर चालतील. २ इंच बाय १ इंचाच्या पट्ट्या दीड फुटावर, आधी गिरमिटाने भोक पाडून बल्ल्यांना स्क्रूने बसवाव्यात. मात्र त्यांची टोके मातीच्या भिंतीत रोवू नयेत; वाळवी भिंतीतूनच वर चढते.