मेथीवर ससे: रात्री रायफल घेऊन बसावं का?

प्रश्न: इंग्लंडात श्रॉपशायरमध्ये आम्ही नुकतंच घर घेतलं. मागे दीड एकर कुरण आहे, त्यातल्या एका तुकड्यात भाजी लावते. मेथी, वाटाणा, बीट, काही म्हणून हाती लागत नाही. सकाळी नुसते देठ. शेजारचा शेतकरी म्हणतो, एअर रायफल घ्या, वर नाईट व्हिजन लावा आणि रात्री बसा, परवाना लागत नाही. हे खरं का? कोणती घेऊ?

उत्तर: ताई, शेजारी खोटं बोलत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 12 फूट-पाउंडांपर्यंतच्या (हे छऱ्याच्या जोराचं माप) एअर रायफलला परवाना लागत नाही, फक्त वय 18 पूर्ण हवं. (स्कॉटलंडमध्ये 2016 संपता संपता प्रमाणपत्र सक्तीचं झालं, तेव्हा ती घेऊन तिकडच्या पाहुण्यांकडे जाऊ नका.) ससा मारायचा हक्क 1880 च्या ग्राउंड गेम कायद्याने जमीन कसणाऱ्याला आहेच. उलट 1954 चा पेस्ट्स कायदा म्हणतो की आपल्या जमिनीवरचे ससे आटोक्यात ठेवणं हे तुमचं कामच आहे.

पण रात्रीचं थोडं वेगळं आहे. आधी घराचे कागद काढा. मोठ्या इस्टेटीतून फोडून विकलेल्या जागांमध्ये शिकारीचा हक्क कधी कधी जुन्या मालकाने स्वतःकडे ठेवलेला असतो. तसं असेल, तर सूर्यास्तानंतर एक तास उलटला की पहाटे सूर्योदयाला तास उरेपर्यंत त्याच्या लेखी परवानगीशिवाय चाप ओढू नका. आणि छर्रा तुमच्या हद्दीबाहेर गेला तर तो गुन्हा, मग ससा लागो न लागो. बसायच्या आधी शेजाऱ्यांना सांगा आणि पोलिसांना 101 वर कळवा. अंधारात बंदूक घेतलेला माणूस दिसला की कोणीही घाबरून फोन करतं, आणि आपल्यासारख्या चेहऱ्याच्या माणसाने तर ही काळजी दुप्पट घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता यंत्राचं. मी मूळचा फलटणचा, लिंकनशायरला कोबीवाल्या शेतकऱ्यांकडे हिवाळ्यात ससे मारायला जातो. लोक सगळा पैसा स्कोपवर, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीवर, घालतात. तुम्हाला साधा डिजिटल नाईट व्हिजन पुरे. त्याला इन्फ्रारेडचा दिवा लागतो, तो 850 किंवा 940 नॅनोमीटरचा मिळतो. 850 चा उजेड लांब जातो, पण दिव्याच्या तोंडाशी बारीक लाल ठिपका दिसतो, आणि एकदा गोळीबार पाहिलेले ससे तो दिसताच बिळात जातात. 940 चा ठिपका दिसत नाही, पल्ला मात्र कमी. परसात तीस यार्डांचंच काम, म्हणून 940 घ्या. धुकं पडलं की दोन्ही निकामी. उजेड धुक्यावर आपटून स्कोपमध्ये पांढरा पडदा येतो. नळीसमोर उंच गवत असलं तरी तसंच होतं, तेवढं कापून ठेवा.

थर्मल कॅमेरा मोहात पाडतो. कुंपणाखालची ऊब चटकन दाखवतो, पण ती ऊब कोणाची, ते धड सांगत नाही. शेजारणीचं मांजर, साळिंदरासारखा काटेरी दिसणारा इथला छोटा हेजहॉग, काळ्या टोकाच्या लांब कानांचा मोठा हेअर, सगळे पांढरे ठिपकेच. थर्मलने शोधावं, नाईट व्हिजनने ओळखावं, मगच नेम धरावा.

खरी अडचण अंतराची. नाईट व्हिजनमध्ये चित्र सपाट दिसतं, पंचवीस यार्ड आणि पंचेचाळीस यार्ड एकसारखेच वाटतात. पॉइंट टू-टूचा (0.22 इंच जाडीचा) छर्रा तीस यार्डांवर झीरो केला असेल, म्हणजे तिथे तो नेमक्या नेमावर बसेल असा स्कोप लावला असेल, तर पंचेचाळीसवर तो तीन-साडेतीन इंच खाली उतरतो. ससा जागच्या जागी मरायचा तर छर्रा डोळा आणि कान यांच्यामध्ये बसायला हवा, ती जागा जेमतेम इंचभर. म्हणजे जबडा फुटलेला ससा बिळात जाऊन दोन दिवस तडफडणार. म्हणून दिवसा जा, पावलांनी मोजा, वीस आणि तीस यार्डांवर खुंट्या ठोका. तिसाच्या पलीकडचा ससा सोडून द्यायचा. प्रत्येक खुंटीमागे मातीचा बांध किंवा चढ आहे ना, तेही उजेडीच बघा. दिव्याच्या पलीकडे काय आहे ते रात्री स्कोप दाखवत नाही. दगडी भिंतीकडे तर रोखूच नका, छर्रा उसळतो. वरच्या मजल्याच्या खिडकीतून मारता आलं तर उत्तम, छर्रा थेट जमिनीत जातो आणि तुम्ही रजई घेऊन बसू शकता.

आणि तरीही, रायफलने ससे संपत नाहीत. मादी तीस दिवसांत विते, व्यायली की लगेच पुन्हा गाभण राहते, जानेवारी ते ऑगस्ट हेच चालू. तुमच्या कुरणात बिळं असतील तर तुम्ही रात्री चार मारणार आणि बांधापलीकडून सहा येणार. भाजीच्या तुकड्याला आधी जाळी लावा: 31 मिलिमीटर भोकांची, जमिनीवर 90 सेंटिमीटर उंच, आणि खालची 15 सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी वळवून पक्की केलेली. ससा जाळीच्या पायाशीच उकरायला बसतो, तिथे त्याला तार लागते. आत अडकून राहिलेल्यांसाठी रायफल ठीक. बिळं मोठी असतील तर हिवाळ्यात फेरेट (बिळात सोडून ससे बाहेर काढायला वापरतात तो मुंगसासारखा लांबट पाळीव प्राणी) बाळगणाऱ्याला बोलवा.

मारलेला खायचा असेल तर लगेच पोट साफ करा. डोळे सुजून बंद झालेला ससा मिक्सोमॅटोसिसचा. 1953 पासून हा रोग या देशात आहे. माणसाला होत नाही, पण तो ससा पातेल्यात घालू नये. बाकीच्यांना काळा मसाला चांगला लागतो. सौ. खात नाहीत, तो प्रश्न वेगळा.

प्रश्न: माझा भाऊ बारामतीजवळ हरभरा करतो. त्यालाही सशांचा त्रास आहे. त्याला असंच करायला सांगू का? (लेस्टर)

उत्तर: अजिबात नाही. आपल्याकडचा ससा हा इथला रॅबिट नव्हेच, तो हेअर. बिळात राहत नाही, गवतात नुसती बैठक करतो, आणि त्याची पिल्लं डोळे उघडे ठेवूनच जन्मतात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 ने त्याच्या शिकारीला बंदी आहे, शेत आपलं असलं तरी. एअर रायफल काढली तर भाऊ वनखात्याच्या दारात उभा राहील. डुकरांसाठी शेताभोवती जुन्या साड्या बांधतात, तशाच त्या जमिनीला टेकवून बांधायला सांगा, खाली फट ठेवू नका म्हणावं.