रेघेला नाव द्या, मग बघा

रानभाज्यांच्या दोनेकशे नोंदी ऑब्सिडियन या टिपणांच्या प्रोग्राममध्ये टाकल्या, नोंदींमधले दुवे रेघांनी दाखवणारा ग्राफ उघडला तर नुसता सुताचा गुंता, आता कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

ऑब्सिडियन सोडू नका. नोंदी साध्या मजकुराच्या फायलींत आहेत, कुठेही नेता येतील. खोट एवढीच, की तिथल्या दुव्याला नाव नसतं. शेवळं ही रानभाजी काकडं या आंबट फळांशी जोडलीत, पण का, ते रेघ सांगत नाही. सोबत सीमॅपटूल्स घ्या, संकल्पनांचे नकाशे काढायचा प्रोग्राम. त्यात रेघेवर शब्द लिहिला नाही तर ???? तसंच लटकत राहतं आणि डोळ्यांना खुपतं. 'शेवळं – खाज मारायला लागतात – काकडं' असं लिहिलं की ते विधान होतं, आणि विधान चुकीचं ठरू शकतं.

खरी गंमत कॉन्सेप्ट एक्सप्लोररमध्ये आहे. जावा भाषेत लिहिलेला, जुनाट दिसणारा प्रोग्राम. मुळाशी रुडॉल्फ विले यांनी १९८२ मध्ये मांडलेलं गणित. ओळींत भाज्या, रकान्यांत गुण, लागू असेल तिथे फुली. मी अळू, सुरण, शेवळं वगैरे भरली. प्रोग्रामने विचारलं: जे खाजतं ते सगळं अळूच्या कुळातलं, बरोबर? हो म्हणा, नाहीतर अपवाद दाखवा. मी हो म्हणणारच होतो. आई पलीकडून म्हणाली, "आणि खाजकुइली?" ती तर घेवड्या-वालाच्या कुळातली! पण ती खाजवते अंगाला, शेंगेवरच्या लवेमुळे. अळू-शेवळं घशाला, कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे. म्हणजे 'खाजतं' हा माझा रकानाच चुकला होता. त्याचे दोन केले. काकडं, चिंच, आमसूल हे उपाय फक्त घशाच्या रकान्याला लागू, हेही तेव्हाच नीट दिसलं. दोनशे नोंदी वाचून हे मला कधी सुचलं नसतं.

स्टॅनफर्डचं प्रोटेजे, म्हणजे वस्तूंचे वर्ग आणि त्यांचे नियम मांडायचं सॉफ्टवेअर, इतक्यात नको. ताकदीचं आहे, पण दोन वर्ग वेगळे आहेत हेसुद्धा तिथे मुद्दाम सांगावं लागतं. न सांगितल्यास एखादी वस्तू कंदही आणि पालाही असलेली त्याला चालते. (अळूच्या बाबतीत तेच खरं आहे म्हणा.)

बारा भाज्या, सहा रकाने, एवढ्यावरच सुरुवात करा. कॉन्सेप्ट एक्सप्लोरर सारखे गुण असलेल्या भाज्यांचे गट पाडतो, त्यांना संकल्पना म्हणतात. प्रत्येक नव्या रकान्यागणिक त्या दुप्पट होऊ शकतात: सहा रकान्यांना फार तर ६४, दहांना १०२४. सगळ्या दोनशे एकदम ओतल्या तर तोच गुंता परत, फक्त दुसऱ्या खिडकीत.